नव्वद दिवस आणि सहा गठ्ठे

नव्या नोकरीतले पहिले नव्वद दिवस कसे घालवावेत, यावर मायकेल वॉटकिन्स नावाच्या गृहस्थांनी २००३ साली इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं आणि ते जगभर खपलं. ते आहे बड्या कंपन्यांत नव्या पदावर चढलेल्या साहेबलोकांसाठी. सांगोल्याचा एक मुलगा ते पिशवीत घालून कोकणातल्या तहसील कार्यालयात महसूल सहायक म्हणून रुजू व्हायला जाईल, हे काही वॉटकिन्स यांच्या ध्यानीमनी नसणार. तहसील कार्यालयाच्या तर नव्हतंच नव्हतं.

हा मुलगा माझा भाचा. मी याच खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना ताईच्या घरी माझी किंमत ‘काही दाखला-बिखला लागला तर सांगू’ एवढीच होती. भाच्याच्या परीक्षेचा निकाल लागला आणि मी एकदम मार्गदर्शक झालो. मुलगा पुण्याला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत राहिलेला. तिथे पोरं जेवायला किती मिनिटं घ्यायची याचंही वेळापत्रक भिंतीला चिकटवतात. त्यामुळे नोकरी लागल्यावर याने पहिलं काय केलं असेल, तर नव्वद दिवसांचा आराखडा. एक्सेलमध्ये, तीन रंगांत. जून हिरवा, ‘निरीक्षण’. जुलै पिवळा, ‘छोटे विजय’. ऑगस्ट केशरी, ‘परिवर्तन’.

मी चष्मा पुसून तो पाहिला. म्हटलं, “छान आहे. यात पाऊस कुठं दिसत नाही?”

“पाऊस? पावसाचा काय संबंध, मामा?”

सांगोल्याच्या माणसाला याहून जास्त विचारण्यात अर्थ नव्हता.

तसं पाहिलं तर दिवस मोजून पराक्रम करायची हौस जुनी आहे. अमेरिकेत रूझवेल्ट यांनी १९३३ साली पहिल्या शंभर दिवसांत कायद्यांचा धडाका लावला, तेव्हापासून प्रत्येक नव्या सरकारच्या मागे हे शंभर दिवस लागले. पण इतिहासातले मूळ ‘शंभर दिवस’ नेपोलियनचे. एल्बा बेटावरची नेमणूक सोडून, कार्यमुक्तीचा आदेश न घेता, हा गृहस्थ मार्च १८१५ मध्ये परस्पर पॅरिसला रुजू झाला. जूनमध्ये वॉटर्लू झालं. पुढची बदली सेंट हेलेना, अकार्यकारी पद, मुख्यालय सोडण्यास मनाई. आपल्याकडे २०२५ साली राज्यातल्या सरकारी कार्यालयांना शंभर दिवसांचा कृती आराखडा दिला होता. तो संपला आणि पाठोपाठ दीडशे दिवसांचा आला. म्हणजे आराखड्यालाही मुदतवाढ मिळते, हे मी भाच्याला आधीच सांगून ठेवलं. त्याला ते निराशावादी वाटलं.

रुजू होण्याबद्दल मी एकच सल्ला दिला होता : मध्यान्हपूर्व जा. पुस्तकात हे नाही. दुपारनंतर रुजू झालेल्याचा त्या दिवसाचा पगार जातो. हा सकाळी पावणेदहाच्या ठोक्याला हजर झाला आणि अकरापर्यंत तात्यांशी बोलत बसला. तात्या म्हणजे तिथले शिपाई. वॉटकिन्स म्हणतात की नव्या जागी आधी आपली माणसं जोडावीत, ज्यांच्या शब्दाला वजन आहे ती ओळखावीत. भाच्याने त्यासाठी कार्यालयाचा तक्ता मागवून त्यावर बाण काढले होते. तात्या त्या तक्त्यात नव्हते. कुठल्या कपाटाची किल्ली कुठल्या खिळ्याला आहे, साहेबांचा मूड बरा नसेल तेव्हा सही कुठल्या वेळी मागायची आणि फाटकाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे उधारी कशी चालते, हे सगळं ज्यांच्याकडे, ते तक्त्यात नसतातच.

मग कागद. अंगात रोग नाही याचा जिल्हा शल्य चिकित्सकांचा दाखला, स्वभावात खोट नाही याचा पोलिसांचा, आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन. २००५ च्या नियमांप्रमाणे सरकारी नोकरीत येणाऱ्याला आपल्याला दोनांहून जास्त मुलं नाहीत हे लिहून द्यावं लागतं. ज्या मुलाने अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला ‘पेन आहे का’ एवढंही धड विचारलं नव्हतं, त्याने हयात अपत्यांच्या रकान्यात ‘शून्य’ असं भरून खाली ठसठशीत सही केली. आस्थापनेच्या मॅडमनी ते वाचून मान डोलावली. रात्री फोनवर मला म्हणाला, “मामा, आज कामाची सुरुवात झाली.”

दुसऱ्या दिवशी सेवापुस्तक उघडलं. त्यात पहिल्या पानावर उंची, बोटांचे ठसे आणि अंगावरची ओळखीची खूण. याच्या उजव्या भुवईवर तीळ आहे. या पानावरच्या नोंदी दर पाच वर्षांनी पुन्हा साक्षांकित करायच्या असतात, म्हणजे तीळ जागेवर आहे की त्याचीही बदली झाली, याची सरकार पाच-पाच वर्षांनी खात्री करून घेणार. आणि तीळ झाल्यावर मॅडमनी कॅलेंडर न पाहता त्याची निवृत्तीची तारीख सांगितली. अठ्ठावन्न वर्षं ज्या महिन्यात पुरी होतात त्या महिन्याचा शेवटचा दिवस. हा नव्वद दिवसांचा आराखडा घेऊन आला होता, कार्यालयाकडे त्याचा तेहेतीस वर्षांचा तयार होता.

बसायला टेबल नव्हतं. हे काही दुष्टपणाने होत नाही. पद मंजूर असतं, पदाला माणूस मिळतो, टेबलाचा प्रस्ताव वेगळा असतो. तोवर नव्या माणसाने रजेवरच्या माणसाच्या खुर्चीत बसायचं आणि तो परत आला की पुढच्या रजेवरच्या माणसाकडे सरकायचं. अशा रीतीने भाचा पहिल्या काही आठवड्यांत संजय गांधी निराधार, पुरवठा, रोजगार हमी आणि गौण खनिज अशा सगळ्या संकलनांत बसून आला. डायरीत त्याने लिहिलं : ‘सर्व विभागांचा अनुभव घेतला.’ खोटं नव्हतं.

शेवटी स्थिरावला बारनिशीला. नव्या माणसाला बारनिशी देतात हा रिवाज माझ्या वेळेपासूनचा, आणि माझं स्पष्ट मत आहे की तो अतिशय शहाणपणाचा आहे. तालुक्यातून येणारा प्रत्येक कागद इथून आत शिरतो. त्याला नंबर द्यायचा, कोणाचा, कशाबद्दल, कुठल्या संकलनाला गेला ते लिहायचं. बाहेरच्याला हे हमालीचं काम वाटतं. पण महिनाभरात माणसाला कळतं की कुठल्या गावात कोणी कोणाची पायवाट अडवली आहे. ही वाट मोकळी करायचा अधिकार तहसीलदाराला १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने दिलेला आहे. इंग्रज गेले, मामलेदाराचा तहसीलदार झाला, वाट अजून अडलेलीच. कुठल्या आजीचं पेन्शन हयातीच्या दाखल्यावाचून थांबलंय, कुठले दोन भाऊ एकमेकांविरुद्ध अर्ज करतात आणि ते दोन्ही एकाच अर्जनवीसाकडून एकाच अक्षरात लिहून आणतात, हेही कळतं. भाचा मला हे फोनवर रंगून सांगायला लागला. ‘निरीक्षण’ असं त्याने एक्सेलमध्ये ज्याला नाव दिलं होतं ते हेच, पण ते त्याला आराखड्यात कुठे बसवावं कळेना, कारण त्या रकान्यात त्याने ‘भागधारकांशी संवाद’ असं लिहिलेलं होतं.

साहेबांशी संवाद हा वेगळा विषय. वॉटकिन्स यांचं म्हणणं, नव्या माणसाने वरिष्ठांशी पाच प्रकारची संभाषणं करावीत : परिस्थितीबद्दल, अपेक्षांबद्दल, साधनसामग्रीबद्दल, कामाच्या पद्धतीबद्दल आणि स्वतःच्या प्रगतीबद्दल. भाच्याने पाचांसाठी वेगवेगळी पानं सोडली होती. पण साहेब व्हीसीत असत. हल्ली तहसीलदार म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पडद्यावरच्या चौकोनांपैकी एक चौकोन. त्यातून बाहेर आले की दौरा, दौऱ्यातून आले की सुनावणी. तरी चिकाटीने पाच संभाषणं झाली. पहिलं : “कोण तुम्ही?” दुसरं : “कुठल्या टेबलला?” तिसरं : “ती फाइल कुठाय?” चौथं : “कालच सांगितलं होतं ना?” पाचवं, बऱ्याच दिवसांनी, सही करता करता, मान वर न करता : “हं. ठीक आहे.”

मी म्हटलं, “अरे, हे शेवटचं मला बऱ्याच वर्षांनी ऐकायला मिळालं होतं.”

आता पाऊस. पावसाळा लागला की तहसीलमध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा नियंत्रण कक्ष चोवीस तास चालतो, आणि रात्रपाळीला कोण, हा प्रश्न कुठल्याही कार्यालयात कधी चर्चेला येत नाही. ज्याचं घर लांब, लग्न व्हायचंय आणि नाही म्हणायची हिंमत नाही, तो. भाच्याकडे तीनही अर्हता होत्या. काम असं की सकाळी महसूल मंडळांकडून पावसाचे आकडे घ्यायचे आणि वर कळवायचे. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी. पहिल्याच रात्री एका मंडळाचा आकडा त्याहून मोठा आला तेव्हा याने हातपाय गाळले, सांगोल्याच्या हिशेबाने तो बऱ्याच महिन्यांचा पाऊस. साहेबांना उठवायला निघाला होता. तात्या कांबळं न काढता म्हणाले, “झोपा ओ. अजून लागलेला नाही तो.”

नियंत्रण कक्षाच्या फोनचंही एक मानसशास्त्र आहे. झाड पडलं, मोरी वाहून गेली, हे फोन येतात, पण थोडे. रात्री साडेदहानंतर येणारे बहुतेक फोन एकाच कारणासाठी असतात : “उद्या शाळेला सुट्टी जाहीर झाली का हो?” आवाज मोठ्या माणसाचा काढलेला असतो. एकदा तर मागून हळूच “बाबांचं नाव सांग” असं कोणी तरी म्हणाल्याचंही ऐकू आलं. भाच्याने नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहिलं : ‘सुट्टीबाबत विचारणा. सदर व्यक्तीस अभ्यास करण्यास सांगितले.’

जूनमध्ये पाऊस आणि दाखले एकदमच येतात. शाळा-कॉलेजांचे प्रवेश, म्हणून उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर. दारात गर्दी, छत्र्यांचं पाणी जिन्यावर, आणि प्रत्येक पालकाला आजच हवं. माणसं या टेबलावरून त्या टेबलावर फिरताना पाहून भाच्याला ‘छोटा विजय’ सुचला. कोणत्या कामासाठी कोणतं टेबल, याचा सुवाच्य तक्ता करून त्याने दाराशी लावला. चांगली कल्पना. फक्त शेवटी एक ओळ जास्त लिहिली : ‘अधिक माहितीसाठी बारनिशी शाखेत चौकशी करावी.’ आपल्या माणसाला तक्ता दिसला की तो शेवटची ओळ वाचतो. दुसऱ्या दिवसापासून सगळा तालुका बारनिशीच्या खिडकीशी. बाकीच्या टेबलांना इतका निवांतपणा बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. पुरवठ्याच्या अव्वल कारकूनबाई त्याला खास बोलावून म्हणाल्या, “तुमच्यासारखी मुलं खात्यात यायला हवीत.” तक्ता अजून तिथेच आहे. काढू देत नाहीत.

पगाराचं सांगायला हवं, कारण पुस्तकात तो गृहीतच धरलाय. सरकारी नोकरीत पहिला पगार व्हायला सेवार्थ प्रणालीत नाव चढावं लागतं, त्याआधी निवृत्तिवेतन खात्याचा ‘प्राण’ क्रमांक यावा लागतो, आणि त्याआधी कोणती तरी मूळ प्रत कुठे तरी जावी लागते. तोवर कार्यालय पेढे मागतं. पेढे पगाराचे नसतात, रुजू झाल्याचे असतात, असा खुलासा तात्यांनी केला. पगाराचे वेगळे. भाच्याने माझ्याकडून पैसे घेऊन सगळ्यांचं तोंड गोड केलं. वॉटकिन्स यांच्या पुस्तकात एक संकल्पना आहे : नवा माणूस सुरुवातीला संस्थेकडून घेतो जास्त, देतो कमी, आणि काही महिन्यांनी दोन्ही बाजू जुळतात, तो दिवस जितका लवकर येईल तितकं चांगलं. भाच्याने हिशेब केला. संस्थेने त्याला काही दिलं नव्हतं, उलट पेढे खाल्ले होते. संस्था पहिल्या दिवसापासून नफ्यात होती. आणि हे सगळं चालू असताना डबा खाताना चर्चा कशाची, तर पेन्शनची. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले आणि आधी लागलेले अशी कार्यालयाची फाळणी आहे. मार्च २०२३ च्या संपात कोण किती घोषणा देत होतं यावर अजून वाद होतात. पहिला पगार न झालेला मुलगा ‘जुनी की नवी’ यावर तावातावाने बोलू लागला, तेव्हा मी समजलो की हा आता खात्यात मुरायला लागला.

याच सुमारास त्याला सहा गठ्ठा पद्धत शिकवली गेली. ज्याने महसूलमध्ये नोकरी केली नाही त्याला हिची थोरवी कळणार नाही. प्रत्येक कारकुनाने आपल्या दप्तराचे सहा गठ्ठे ठेवायचे. पहिल्यात हातावरची, आज निपटायची प्रकरणं. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण पत्र पाठवलंय आणि उत्तर यायचंय. तिसऱ्यात ठरल्या तारखेला वर पाठवायची नियतकालिकं. चौथ्यात स्थायी आदेश, पाचव्यात अभिलेख कक्षाकडे जायची निकाली प्रकरणं, आणि सहाव्यात ‘ड’ वर्गाचे कागद, जे वर्षभर सांभाळून मग नष्ट करायचे. ‘अ’ वर्गाचा कागद कायम राहतो, ‘ब’ तीस वर्षं. जगातल्या यच्चयावत गोष्टी या सहांत बसतात. मी निवृत्तीनंतर घरातली कपाटंही तशीच लावून पाहिली होती, पण बायकोने एका दुपारीत सगळं पाचव्या गठ्ठ्यात घातलं.

भाच्याने एका रविवारी आपला आराखडा उघडला आणि तो सहा गठ्ठ्यांत वाटला. ‘रोजची टपाल नोंद’ पहिल्यात गेली. ‘टेबल मिळवणे’, ‘संगणकाचा पासवर्ड’, ‘पगार’, ‘साहेबांशी सविस्तर चर्चा’ ही सगळी दुसऱ्यात. ‘मासिक आत्मपरीक्षण’ तिसऱ्यात, कारण ते महिन्याच्या महिन्याला पाठवायचं, वाचायचं कोणी नाही. माझे सल्ले त्याने चौथ्यात, स्थायी आदेशांत घातले, याचा मला आनंद झाला. नंतर आठवलं की स्थायी आदेशांची फाइल तपासणीच्या आदल्या दिवशीच उघडतात. पाचवा रिकामा राहिला. ‘परिवर्तन’ आख्खं, केशरी रंगासकट, सहाव्यात.

मी विचारलं, “का रे?”

“वर्षभर सांभाळायचंय ना, मामा. लगेच नाही फाडत.”

पण तरुण माणूस एवढ्यावर थांबत नाही. महसूल वर्ष एक ऑगस्टला सुरू होतं, त्या दिवशी महसूल दिन असतो, तो मुहूर्त साधून त्याने सुधारणांची एक रीतसर टिपणी लिहून नायब तहसीलदारांकडे सादर केली. मुद्दे वाईट नव्हते : टोकन पद्धत, जुन्या फायलींची यादी संगणकावर, बसायला बाकडं. आपल्याकडे फाइल सामान्यतः कोणापाशीही सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असा कायदा आहे. त्याचं नाव ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’. नाव वाचून होईपर्यंत एक दिवस जातो, तरी उरलेले सहा पुरतात. सात दिवसांत फाइल हलली पाहिजे म्हणून ती हलते. कुठल्या दिशेने हलावी याबद्दल कायदा काही सांगत नाही. भाच्याची फाइल आधी ‘तरतूद नमूद करून फेरसादर करावे’ अशी खाली आली, मग ‘निधीचे लेखाशीर्ष?’ असा एक प्रश्न घेऊन आली, आणि शेवटी साहेबांच्या टेबलापर्यंत पोचून दोन शब्द घेऊन परतली : ‘चर्चा करावी.’ हा शेरा मोठा थोर आहे. त्यात होकार नाही, नकार नाही, तारीख नाही, आणि चर्चा कोणी कोणाशी करायची तेही नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या खुर्च्या मांडायचं काम त्याच्याकडे होतं. पाहुण्यांसाठी मागवलेलं एक नवं बाकडं कार्यक्रमानंतर परत गेलंच नाही. तात्यांनी ते उचलून बारनिशीच्या खिडकीसमोर ठेवलं. फाइल अजून चर्चेत आहे, बाकड्यावर माणसं बसतात.

इकडे ताईचा आराखडा वेगळाच चालू होता. सरकारी नोकरी लागली की मुलाचा भाव कसा चढतो हे सांगायला नको. निकालाच्या दिवसापासून स्थळांची रांग लागलेली, आणि तिने नव्वद दिवसांत साखरपुड्याची तारीख धरली होती. तिला रंगबिंग लागत नाहीत, तिच्या डोक्यात सगळं असतं. एक चांगली मुलगी, शिक्षिका, पंढरपूरची. ताईने बायोडाटा फोटोसकट त्याला पाठवला आणि ‘कळव’ एवढंच लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. ते घेऊन ताई माझ्याकडे आली. म्हणाली, “बघ रे, पोराला तिकडं काय केलंय यांनी.”

वहीच्या कागदावर, उजवीकडे समास सोडून, त्याने लिहिलं होतं :

‘संदर्भीय स्थळाचे अवलोकन केले. सदर स्थळ प्रथमदर्शनी योग्य दिसून येते. तथापि, अर्जदाराचे वेतन अद्याप सुरू झालेले नाही, तसेच पावसाळा संपेपर्यंत मुख्यालय सोडता येणार नाही. सबब, प्रकरण दिवाळीनंतर फेरसादर व्हावे. दरम्यान मुलीकडील मंडळींचे म्हणणे लेखी मागविण्यास हरकत नसावी. मान्यतेस्तव सादर.’

अक्षर चांगलं होतं. एकही खाडाखोड नव्हती. परिच्छेदांना क्रमांक नव्हते, ते पुढच्या वेळी सांगीन. मी खिशातलं हिरवं पेन काढलं, समासात ‘चर्चा करावी’ असं लिहिलं, खाली सही आणि तारीख घातली आणि कागद ताईच्या हातात दिला.

“आता हे काय?” ती म्हणाली.

“दुसऱ्या गठ्ठ्यात ठेव.”